युद्धानंतरच्या अडीच ओळी

आत्याच्या घरी गजराचं घड्याळ होतं, पण त्याला किल्ली द्यायची वेळ कधी आली नाही. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, त्यामागोमाग शेजारच्या तेलुगू विणकरांच्या घरातला माग सुरू व्हायचा, आणि तो सुरू झाला की आमच्या फळीवरची ताटं बारीक थरथरायला लागायची. टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावाहून मी सोलापूरला शिकायला आले तेव्हा पहिला आठवडाभर मला वाटायचं की हे घर आपल्या अंगावर पडणार. मग अशी सवय झाली की मागाला सुट्टी असेल त्या दिवशी मला जागच यायची नाही. परवा त्या पेठेतून रिक्षाने जाणं झालं. मागाच्या खोलीत आता मोबाईलचं दुकान आहे आणि आमच्या खोल्यांच्या जागी एक गुलाबी रंगाची इमारत. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "इथे मी राहत होते." तो म्हणाला, "सुट्टे हायत का?"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच तिचे यजमान गेले, आणि पांढरं कपाळ घेऊन माहेरच्या चुलीपुढे बसण्याऐवजी ती सोलापूरला येऊन शिकली, मुलींच्या हायस्कुलात इतिहासाची बाई झाली. आजोबांनी जाताना ओढ्याकडचं रान तिच्या नावावर करून दिलं होतं. ते कसत होते माझे वडील, म्हणजे आबा. आत्याला त्यातलं दरवर्षी एक पोतं ज्वारी यायची, एसटीच्या टपावरून. त्या ज्वारीच्या भाकरी आत्या तव्यावर पार कडक होईपर्यंत ठेवायची, वर शेंगांची चटणी आणि कच्चं तेल, आणि जेवता जेवता ती आमच्या वह्या तपासायची. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या उत्तरांवर लाल शाई आणि लाल तेल असे दोन्ही डाग असायचे. कुठला डाग चुकीचा आणि कुठला जेवणाचा, यावर मुली वाद घालायच्या.

रविवारी जेवायला रुक्मिणी यायची. रुक्मिणी आमच्या सालगड्याची मुलगी, माझ्याच वयाची, माझ्याच वर्गात. एका सुट्टीत आत्याने तिला गोठ्यात बसून सरकीच्या पोत्यावरची अक्षरं मोठ्याने वाचताना पाहिलं आणि तिच्या वडिलांच्या, दगडूमामांच्या, मागे लागून तिला सोलापूरच्या वसतिगृहात आणून ठेवलं. आत्याच्या घरी रुक्मिणी आणि मी एका ताटात जेवायचो. गावाकडच्या आमच्या घरी दगडूमामांची चहाची कपबशी गोठ्याच्या देवळीत वेगळी ठेवलेली असायची. या दोन्ही गोष्टी मला तेव्हा सारख्याच साध्या वाटत होत्या, जशी एका गावाला एसटी जाते आणि एका गावाला जात नाही. रुक्मिणीला त्या तशा वाटत नव्हत्या, पण ती बोलायची नाही. ती मुळात कमी बोलायची आणि जास्त खायची, आणि माझ्या वाट्याच्या चटणीवर तिचा कायम डोळा असायचा.

नववीच्या पुस्तकात अमेरिकेतलं यादवी युद्ध होतं. एकाच देशाचे दोन भाग, उत्तर आणि दक्षिण. दक्षिणेकडे कापसाची मोठमोठी शेतं आणि त्यात राबणारे, विकत घेतलेले गुलाम. उत्तरेशी त्यावरून फाटलं आणि भावाभावांत लढाई झाली. आत्याने वर्गाचे दोन भाग केले. खिडकीकडच्या मुली उत्तर, भिंतीकडच्या दक्षिण. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या दोघी जणी खिडकीकडे बसायच्या, त्यांनी उठून तक्रार केली की आम्ही खऱ्या दक्षिणेच्या असून आम्हाला उत्तरेत का घातलं. पुढे दक्षिण हरते असं कळल्यावर त्या मुकाट्याने बसल्या. उत्तरेने दक्षिणेची बंदरं कशी अडवली हे आम्हाला समजावं म्हणून आत्याने मधल्या सुट्टीत वर्गाचं दार उत्तरेच्या ताब्यात दिलं. भिंतीकडच्या मुलींना बाहेर जाता येईना, शाळेच्या फाटकापाशी चिंचावाल्या आजी वाट बघत बसल्या, आणि त्यांचा माल तसाच राहिला. "आता कळलं?" आत्या म्हणाली. "तिकडचा कापूस असाच धक्क्यावर पडून राहिला. मग विलायतेच्या गिरण्यांनी आपल्याकडच्या कापसाला भाव दिला. आणि युद्ध संपलं तसा आपला भाव पडला." चिंचावाल्या आजींनी दुसऱ्या दिवशी हेडबाईंकडे जाऊन सांगितलं की तुमच्या शाळेत काय दंगल चाललीय ती मधल्या सुट्टीनंतर करा.

युद्ध पाच पानांचं होतं. नकाशे, तोफा, सेनापतींची चित्रं. युद्ध संपल्यानंतरचं मात्र पुस्तकात अडीच ओळींत उरकलं होतं: गुलामगिरी संपली, देश पुन्हा एक झाला, आणि हळूहळू प्रगती झाली. आत्याने पाच पानं दोन तासांत शिकवली आणि त्या अडीच ओळींवर पुढचा महिना घालवला. हेडबाई पोर्शन पोर्शन म्हणून मागे लागल्या, पण आत्याचं म्हणणं असं की भांडण सुरू कसं होतं हे मुलींना घरीच दिसतं, ते शाळेत कशाला शिकवायचं. भांडण मिटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोण काय खातं, ते शिकवायला पाहिजे.

तर एके दिवशी तिने रुक्मिणीला उभं केलं. "समज, तू त्या शेतावरची. आज तुला सांगितलं, तू सुटलीस. कुणाची नाहीस. काय करशील?" हा प्रश्न तिने आधी तिघीचौघींना विचारला होता. एकीने मी गाणं म्हणेन असं सांगितलं होतं, एकीने मी रेल्वेने मुंबईला जाईन. मी म्हटलं होतं की मी आधी पोटभर झोपेन, आणि वर्ग हसला होता. रुक्मिणी हात सरळ ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पण त्या दिवशी जेवायचं कुटं?"

आत्याने खडू खाली ठेवला. मग ती टेबलाच्या कडेला बसून सांगत गेली, की जमीन जवळजवळ कुणालाच मिळाली नाही, आणि सुटलेली पुष्कळ माणसं फिरून त्याच शेतांवर आली, त्याच मालकांकडे. या वेळी गुलाम म्हणून नाही, वाट्याने. अर्धं पीक तुमचं, अर्धं मालकाचं. पण बियाणं मालकाचं, जनावरं मालकाची, आणि सुगी झाली की मालक मोजून सांगणार, तुमच्या वाट्याला यंदा काही उरत नाही. रुक्मिणी अजून उभीच होती. "माप कुणाच्या हातात हुतं?" तिने विचारलं. आत्या म्हणाली, "मालकाच्या." "मंग झालंच की," असं म्हणून रुक्मिणी खाली बसली. मी हे इथवर लिहून तिला फोनवर वाचून दाखवलं. ती आता अकलूजला असते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाली. ती म्हणाली, "वर्गात मी एवढं बोलले न्हवते. आणि चटणीवर डोळा तुझा असायचा."

त्यानंतर थोड्याच दिवसांत पाडवा आला आणि आम्ही तिघी एसटीने गावी गेलो. आता इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी, कारण हल्लीच्या मुलांना सालगडी म्हणजे काय हेच माहीत नसतं. सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा माणूस, आणि त्याचं वर्ष पाडव्याला संपतं. आदल्या संध्याकाळी तो बैल बांधतो आणि त्यांचा कासरा, म्हणजे हाकायचा दोर, मालकाच्या ओट्यावर आणून ठेवतो. सकाळी गुढी उभी राहिली की अंघोळ करून येतो. मालक त्याला सुपारी देतो, नवं धोतर आणि टोपी देतो, तो वाकून कासरा उचलतो, आणि पुढचं साल ठरतं. कासरा उचलला नाही तर ठरत नाही. मग त्याला दुपारच्या आत दुसरं घर शोधावं लागतं, कारण पाडव्याच्या दुपारपर्यंत पंचक्रोशीतले सगळे गडी कुठे ना कुठे लागलेले असतात आणि जो राहिला तो वर्षभर राहतो. दगडूमामांनी, रुक्मिणीच्या आण्णांनी, आमचा कासरा उचलला नाही असा पाडवा मी पाहिलेला नव्हता.

त्या सकाळी गुढी उभी राहिली, कडुलिंबाची चटणी तोंडं वाकडी करून खाऊन झाली. आत आईच्या पुरणपोळ्या तयार होत होत्या आणि सुपारीचा कार्यक्रम झाल्याशिवाय पान वाढायचं नाही असा नियम असल्यामुळे माझं सगळं लक्ष तो कार्यक्रम लवकर आटोपण्याकडे होतं. दगडूमामा आले. आबांनी सुपारी आणि धोतर पुढे केलं. दगडूमामा कासऱ्यासाठी वाकले, आणि ओट्यावर कासरा नव्हता. तो रुक्मिणीच्या हातात होता. ती खांबापाशी उभी होती, वर्गात उत्तर द्यायला उभी राहायची तशी, फक्त एका हातात कासरा.

"आण्णा यंदा सालावर न्हाय राहणार," ती म्हणाली.

आबांना आधी गंमतच वाटली. ते आत्याकडे वळून म्हणाले, "आक्का, ही तुजी शाळा काय?" पण दगडूमामांचा चेहरा बघून ते हसायचे थांबले. दगडूमामा म्हणाले, "रुके, ठिव ते खाली." ती म्हणाली, "न्हाय ठेवत." मग आबांचा आवाज चढला. सणाच्या दिवशी दारात असला तमाशा आमच्या घरात कधी झाला नाही, शेजारच्या गावचा एक गडी कधीपासून मागे लागलाय, दगडूला पाहिजे का नको ते त्याने दुपारच्या आत सांगावं, असं ते बोलले आणि सुपारी तबकात परत ठेवली. रुक्मिणीची आई गोठ्याच्या दारात उभी होती. ती कुणाकडे न बघता म्हणाली, "लई झाली साळा. उद्यापासनं माज्यासंगं खुरपायला चल." रुक्मिणीने ते ऐकलं. पण तिने कासरा सोडला नाही. मला रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं पुरणपोळीचंही होतं.

दगडूमामा आत्याकडे वळले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "बाई," ते म्हणाले, "सालावर न्हाय तर खायचं काय, ते बी शिकिवलं आसंल की."

आत्याने चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला. "पुस्तकात अडीच ओळी आहेत, दगडू," ती म्हणाली. "त्यात नाही ते." मग आबांना म्हणाली, "वसंता, ओढ्याकडचं रान माझ्या नावावर आहे ना?"

"तुजंच हाय. मी कुटं न्हाय म्हणतोय?"

"मग यंदापासून ते दगडू करेल. अर्धं त्याचं, अर्धं माझं."

आबा काही बोलण्याआधी रुक्मिणी म्हणाली, "वाट्यानं नको, बाई." त्या क्षणी दगडूमामांनी तिला ठोकलं असतं तर आम्हा कुणालाच नवल वाटलं नसतं. पण ती थांबेना. "तितं बी वाट्यानंच दिलं हुतं. तुमीच सांगितलंय. माप मालकाच्या हातात, म्हणून सुगीला राबणाऱ्याच्या हातात काय न्हाय."

आत्या हसली. तिचं ते हसू मला अजून जसंच्या तसं दिसतं. पुढे मीही शिक्षिका झाले, मला पारितोषिकं मिळाली, माझ्या विद्यार्थिनी मोठ्या पदांवर गेल्या, पण तसं हसायची वेळ माझ्यावर आली नाही, आणि त्याचा मला तिच्याबद्दल हेवा वाटतो. "मग कसं पाहिजे ते तू सांग," ती म्हणाली.

"माप आण्णांच्या हातात पायजे."

हे ऐकून आबा खरे भडकले. धान्य मोजायची आमची पायली देवघरात असायची. दसऱ्याला तिची पूजा व्हायची, आणि रास मोजायला ती आबांशिवाय कुणी हातात घेत नसे. दगडूमामांनी जन्मभर आमची ज्वारी पेरली, कापली, मळली, पोती पाठीवर वाहून आणली, पण पायलीला त्यांचा हात लागलेला नव्हता. "पायली घराभाईर जाणार न्हाय," आबा म्हणाले. आत्या म्हणाली, "नको जाऊ दे. तुझी पायली तुझ्या देवघरात ठेव. माझ्या रानाला मी सोलापुरातून नवी आणीन." "आन् बैल?" आबा म्हणाले. "बैल काय सोलापुरातनं आणणार?" बैलांचा विचार अमेरिकेच्या नादात कुणी केलाच नव्हता. तेव्हा सकाळपासून चुलीपुढून न हललेली माझी आई दारात आली, हाताला पुरण तसंच, आणि म्हणाली, "आपलं बैल तरी दगडूबिगर कुणाला हात लावू देत्यात का? त्यो आपलं रान रोजानं नांगरंल, तेच बैल त्याला दोन दिस द्या. आन् आता जेवाया बसा, पोळ्या वाळल्या."

दगडूमामांनी रुक्मिणीच्या हातातून कासरा घेतला, ओट्याकडे न बघता गोठ्यात गेले आणि खुंटीला अडकवून ठेवला. सुपारी तबकातच राहिली. पुरणपोळी मी त्या दिवशी किती खाल्ली ते सांगण्यासारखं नाही.

पुढचं वर्ष काही सोपं गेलं नाही, हेही लिहायला पाहिजे. गावात लोक दगडूमामांना "जमीनदार" म्हणून हाका मारायचे. त्यांच्या घरी काही दिवस चूल पेटली नाही, हे रुक्मिणीने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तिची शाळा मात्र सुटली नाही. तिच्या आईने खुरपायला चल म्हटलं होतं ते तिने पुन्हा म्हटलं नाही. आबांनी आत्याशी अबोला धरला, म्हणजे आमच्या घरच्या पद्धतीचा अबोला. आम्ही सुट्टीत गावी गेलो की समोरासमोर बसून ते मला म्हणायचे, "तुज्या आत्याला सांग, आमटीत मीठ कमी हाय." आत्या मला म्हणायची, "तुझ्या वडिलांना सांग, मिठाचा डबा त्यांच्या गुडघ्यापाशी आहे." दोघांचे निरोप पोचवता पोचवता माझी आमटी निवायची.

ज्वारीची मळणी झाली तेव्हा आत्या रजा काढून आम्हा दोघींना घेऊन गावी आली, पिशवीत नवी कोरी पायली घेऊन. एसटीत ती तिने मांडीवर ठेवली होती आणि कंडक्टरने विचारलं होतं की बाळाचं अर्धं तिकीट फाडू का. ओढ्याकडच्या रानातल्या खळ्यावर रास पडली होती. रास मोजायचीही एक रीत असते. चपला काढायच्या, मोजणाऱ्याशिवाय कुणी बोलायचं नाही, आणि पहिल्या मापाला "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं. आम्ही सगळे उभे होतो. आबांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आपले सहज आल्यासारखे बांधावरच्या बाभळीखाली येऊन बसले होते, पाठ अर्धी आमच्याकडे.

दगडूमामांनी डोक्याला पटका बांधला, राशीपुढे गुडघे टेकले, पायली ज्वारीत खुपसली आणि शीग लागेपर्यंत भरली. रुक्मिणीच्या आईने पदर तोंडाला लावला. दगडूमामा म्हणाले, "लाभ." आवाज इतका लहान होता की पोत्यात पडणाऱ्या ज्वारीचाच जास्त झाला.

त्यांनी दुसऱ्यांदा पायली भरली, आणि ती ओतायच्या आत बाभळीखालून आबांचा खणखणीत आवाज आला, "दोन." मुद्दाम नाही. आयुष्यभर त्यांनीच मोजलं होतं; पायली भरली की त्यांच्या तोंडून आकडा यायचाच. दगडूमामांचा हात जागच्या जागी थांबला आणि मान खाली गेली, आमच्या ओट्यापुढे जायची तशी.

मग रुक्मिणी बोलली. "आबा," ती म्हणाली, "आण्णांना मोजू द्या."

आबांनी आमच्याकडे बघितलं, दगडूमामांच्या हातातल्या पायलीकडे बघितलं. मग ते उठले. मला वाटलं निघाले. पण ते खळ्याच्या कडेपर्यंत आले, वाकून पायातल्या चपला काढल्या, आणि आम्हा सगळ्यांच्या रांगेत येऊन हात बांधून गप्प उभे राहिले.

दगडूमामांनी पायली पोत्यात ओतली. "दोन," ते म्हणाले, आणि या वेळी ते ओढ्याच्या पलीकडे ऐकू गेलं असेल.